ज्या नियमावर पाउली मोठी रक्कम लावायला तयार होता, तो नियम कुणी तपासलाच नव्हता

अकरावी-बारावीला सायन्स घेतलेल्या प्रत्येकाने एक नाव पाठ केलेलं असतं. पाउली. केमिस्ट्रीच्या पुस्तकात अणूच्या कुठल्या कप्प्यात किती इलेक्ट्रॉन बसतात याचा नियम येतो, त्याच्यापुढे हे नाव असतं. पेपरात दोन मार्कांना येतं, आपण लिहितो आणि विसरतो.

पण विसाव्या शतकातल्या फिजिक्समध्ये या माणसाचा दरारा भयंकर होता. कुणाला नवी कल्पना सुचली की ती आधी पाउलीला दाखवायची. तो हो म्हणाला तर अर्धी लढाई जिंकली. नाही म्हणाला तर कागद थेट ड्रॉवरमध्ये.

ही गोष्ट त्याच्या दोन नकारांची आहे. पहिल्या नकारातून जगाला एक नवा कण मिळाला. दुसऱ्या वेळी तो सपशेल तोंडावर आपटला. गंमत म्हणजे, त्याला तोंडावर पाडणारा कण तोच होता.

२१ व्या वर्षी आइनस्टाइनची शाबासकी

वोल्फगांग पाउलीचा जन्म २५ एप्रिल १९०० चा, व्हिएन्नातला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई पत्रकार. नामवंत शास्त्रज्ञ आणि विचारवंत अर्न्स्ट माख त्याचे धर्मपिता. अशा घरात वाढल्यावर पोरगं काय करणार? १९१८ मध्ये शाळा संपली आणि दोनच महिन्यांत त्याने आइनस्टाइनच्या सापेक्षतावादावर पेपर लिहिला. तेव्हा हा सिद्धांत समजणारे लोकच जगात मोजके होते.

पुढे म्युनिकला आर्नोल्ड झोमरफेल्ड यांच्या हाताखाली त्याने पीएचडी केली. झोमरफेल्ड यांनी गणिताच्या एका ज्ञानकोशासाठी सापेक्षतावादावरचा लेख या पोराकडे सोपवला. त्याने २३७ पानं लिहून दिली. वय वर्षं २१. खुद्द आइनस्टाइनने त्या लेखाचं जाहीर कौतुक केलं.

१९२५ मध्ये त्याने तो आपल्या पुस्तकातला नियम मांडला. अणूत दोन इलेक्ट्रॉन अगदी एकसारख्या अवस्थेत राहू शकत नाहीत, हेच ते अपवर्जन तत्त्व. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीची रचना तशी का आहे, याचं उत्तर त्यात होतं. १९४५ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

पण १९२५ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. राल्फ क्रोनिग नावाच्या तरुणाने त्याला एक कल्पना सांगितली. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत असावा, अशी. पाउलीने ती उडवून लावली. क्रोनिगने पेपर छापलाच नाही. काही महिन्यांनी उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोघांनी तीच कल्पना छापली आणि इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं श्रेय त्यांच्या नावावर गेलं.

पाउलीचा नकार कुणाला किती महाग पडू शकतो, याची ही पहिली झलक होती.

एकीकडे प्रयोग करणाऱ्यांमध्ये त्याची वेगळीच दहशत. पाउली लॅबमध्ये आला की उपकरणं बंद पडतात, अशी ख्याती. हॅम्बुर्गमध्ये ऑटो स्टर्न यांनी म्हणे त्याला आपल्या लॅबमध्ये यायचीच बंदी केली होती. याला सगळे पाउली इफेक्ट म्हणायचे. पाउली स्वतःही त्यावर खूश होता.

पहिला नकार : हिशेब चुकत नसतो

१९२८ मध्ये तो झुरिचच्या ईटीएचमध्ये प्रोफेसर झाला. बाहेरून सगळं छान चाललं होतं. आतून तो कोसळत होता. १९२७ मध्ये त्याच्या आईने आत्महत्या केली होती. १९२९ मध्ये त्याने एका नर्तकीशी लग्न केलं. ते वर्षभरही टिकलं नाही, नोव्हेंबर १९३० मध्ये घटस्फोट झाला. पुढे तो मानसोपचारासाठी कार्ल युंग यांच्याकडे गेला आणि त्याची शेकडो स्वप्नं युंग यांच्या अभ्यासाचा भाग झाली.

त्या घटस्फोटानंतर अवघ्या काही दिवसांनी, ४ डिसेंबर १९३० ला, पाउलीने एक पत्र लिहिलं.

तेव्हा फिजिक्समध्ये एक मोठा पेच होता. काही किरणोत्सारी अणूंच्या केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. याला बीटा क्षय म्हणतात. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आपण शाळेत शिकतो. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. म्हणजे केंद्रकाने जेवढी ऊर्जा सोडली, तेवढी इलेक्ट्रॉनकडे सापडायला हवी. पण ती कधी कमी भरायची, कधी आणखी कमी. गल्ल्यातून पैसे जात होते आणि चोर दिसत नव्हता.

नील्स बोर म्हणजे त्या काळच्या फिजिक्सचे कर्तेधर्ते. ते म्हणायला लागले की अणूच्या आत कदाचित हा नियमच लागू होत नसेल.

पाउली म्हणाला, नाही. नियम बरोबर आहे. इलेक्ट्रॉनसोबत आणखी एक कण बाहेर पडतोय. त्याला विद्युतप्रभार नाही आणि तो जवळपास कशाशीच टक्कर घेत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. उरलेली ऊर्जा तो घेऊन जातोय.

एक हिशेब जुळवण्यासाठी न दिसणारा कण कल्पायचा, हे तेव्हा फार धाडसाचं होतं. त्याला स्वतःलाही धाकधूक होती. त्याने पेपर छापला नाही, ट्युबिंगेनला जमलेल्या शास्त्रज्ञांना फक्त पत्र पाठवलं. स्वतः गेला नाही, कारण त्याला झुरिचमध्ये एका नाचाच्या पार्टीला जायचं होतं.

पुढे एन्रिको फर्मी यांनी या कणावर पूर्ण सिद्धांत उभा केला. कणाचं नाव पडलं न्यूट्रिनो.

तो पकडायला २६ वर्षं लागली. क्लाइड कावन आणि फ्रेडरिक राइन्स या दोघांनी अमेरिकेत साउथ कॅरोलायनामधल्या अणुभट्टीजवळ तो शोधला आणि जून १९५६ मध्ये पाउलीला तार केली. तार जिनेव्हात, सर्नमध्ये पोचली. पाउलीने चालू बैठक थांबवून ती सगळ्यांना वाचून दाखवली.

नियमावर विश्वास ठेवणारा माणूस जिंकला होता. पण त्याच महिन्यांमध्ये दुसरा पेच पिकत होता.

मेसॉनची भानगड

इथे आपल्या मुंबईचा धागा येतो. १९३० च्या दशकात आकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमध्ये नवेच कण सापडायला लागले. इलेक्ट्रॉनपेक्षा जड, प्रोटॉनपेक्षा हलके. त्यांना लोक मेसोट्रॉन म्हणत. १९३९ मध्ये होमी भाभा यांनी नेचर या नियतकालिकात सुचवलं की मेसॉन हे नाव जास्त बरोबर आहे. तेच टिकलं. हे भाभा तरुणपणी झुरिचला पाउलीकडे काम करून आले होते.

१९५० च्या दशकात या मेसॉनपैकी दोघांनी डोकं फिरवलं. एकाचं नाव टाऊ, दुसऱ्याचं थीटा. दोघांचं वस्तुमान सारखं. आयुष्यही सारखं. फरक एकच. थीटा तुटला की २ पायॉन मिळायचे, टाऊ तुटला की ३. पायॉन हाही मेसॉनच, पण हलका.

मग यात अडचण काय? एकच कण कधी असा तुटतो, कधी तसा, म्हणून विषय संपवायचा ना?

तसं म्हणता येत नव्हतं, कारण मध्ये एक नियम आडवा येत होता. पॅरिटीचा.

पॅरिटी समजायला शाळेतला गुणाकार पुरे. डावं-उजवं, वर-खाली, पुढे-मागे सगळं उलटं केलं, तर कणाचं चिन्ह बदलतं की तेच राहतं, त्यानुसार त्याला ऋण किंवा धन पॅरिटी देतात. पायॉनची पॅरिटी ऋण. थीटातून २ पायॉन निघतात, म्हणजे ऋण गुणिले ऋण, उत्तर धन. टाऊतून ३ निघतात, उत्तर ऋण. आणि नियम असा की कण तुटण्याआधी जी पॅरिटी, तीच तुटल्यानंतर. म्हणजे टाऊ आणि थीटा हे दोन वेगळे कण असायला हवेत. पण बाकी सगळं तर जुळ्या भावांसारखं.

पॅरिटीच्या नियमाचा साधा अर्थ असा की निसर्ग डावं-उजवं करत नाही. आरशात दिसणारा प्रयोगही खऱ्या जगात घडू शकतो.

याचीच जोडीदार आहे दुसरी सममिती, चार्ज कॉन्जुगेशन. थोडक्यात सी. ही म्हणते, प्रत्येक कणाच्या जागी त्याचा प्रतिकण ठेवा. इलेक्ट्रॉनच्या जागी पॉझिट्रॉन, धन पायॉनच्या जागी ऋण पायॉन. तरीही निसर्गाचे नियम तेच राहतील.

यातही तोच गुणाकार चालतो. विद्युतप्रभार नसलेला पायॉन स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे आणि त्याचं सी-चिन्ह धन आहे. प्रकाशाच्या कणाचं, म्हणजे फोटॉनचं, ऋण. म्हणून हा पायॉन तुटून २ फोटॉन होऊ शकतात, कारण ऋण गुणिले ऋण धन. ३ फोटॉन होऊ शकत नाहीत. ऊर्जेचा हिशेब बसतो, संवेगाचा बसतो, तरीही नाही. असं एकदाही सापडलेलं नाही. अक्षय्यतेचा नियम कसा काम करतो याचं हे सगळ्यात सोपं उदाहरण. तो काय घडेल हे सांगतोच, शिवाय काय कधीच घडणार नाही हेही सांगतो.

पाउलीचं मन या सममितींवर जडलेलं होतं. सी, पॅरिटी म्हणजे पी आणि काळाची दिशा उलटी करणारी टी, या तिन्ही एकत्र लावल्या तर फिजिक्सचे नियम बदलू शकत नाहीत, या सीपीटी प्रमेयाच्या भक्कम मांडणीत त्याचा मोठा वाटा होता. त्यावरचा त्याचा लेख १९५५ मध्ये बोर यांच्या सत्तरीनिमित्त निघालेल्या ग्रंथात आला.

दोघांनी विचारलेला साधा प्रश्न

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या दोन तरुण चिनी शास्त्रज्ञांनी, त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांनी, जुने प्रयोग चाळायला घेतले. त्यांना पाहायचं होतं की पॅरिटीचा नियम नक्की कुठे कुठे सिद्ध झालाय.

विद्युतचुंबकीय बलात झालाय. केंद्रक धरून ठेवणाऱ्या तीव्र बलात झालाय. पण बीटा क्षय किंवा टाऊ-थीटाचं तुटणं ज्या दुर्बल बलामुळे होतं, तिथे?

तिथे कुणी तपासलंच नव्हतं. ३० वर्षं सगळे धरून चालले होते, इतकंच. ऑक्टोबर १९५६ मध्ये त्यांचा पेपर आला. तपासून पाहण्यासाठी कुठले प्रयोग करता येतील, याची यादीही त्यात होती.

त्याच सुमाराला केंब्रिजमधल्या अब्दुस सलाम या तरुण शास्त्रज्ञाने एक कल्पना पाउलीपर्यंत पोचवली. न्यूट्रिनो एकाच हाताचा असेल, म्हणजे नेहमी एकाच बाजूने फिरत असेल, तर पॅरिटी मोडणं सहज समजून घेता येईल, अशी. पाउलीचा निरोप आला, याहून बरं काहीतरी शोध.

पाउलीसाठी हे नवं नव्हतं. हर्मान वाइल यांनी १९२९ मध्येच अशा एकहाती कणाचं समीकरण लिहिलं होतं. पाउलीने १९३३ मध्ये ते बाद ठरवलं होतं. कारण? ते डावं-उजवं सारखं मानत नव्हतं.

दुसरा नकार : आणि पत्र दोन दिवस उशिरा निघालं

कोलंबिया विद्यापीठातल्या चिएन-शिउंग वू यांनी तपासायचं ठरवलं. बीटा क्षयाच्या प्रयोगांत वू बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या लॅबमध्ये त्यांनी तिथल्या सहकाऱ्यांसोबत कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी मूलद्रव्य निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत थंड केलं. इतक्या थंडीत चुंबकीय क्षेत्र लावून कोबाल्टची केंद्रकं एका दिशेने फिरत ठेवता येतात.

आता भोवरा डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर फिरणारा भोवरा समोरच्या भिंतीवरच्या आरशात पाहिला, तर तो उलट्या बाजूने फिरताना दिसतो. पण वर-खाली बदलत नाही. समजा या भोवऱ्यातून ठिणग्या उडतायत. वर आणि खाली सारख्याच उडाल्या, तर आरशातल्या भोवऱ्यात आणि खऱ्यात फरक राहत नाही. पण खालीच जास्त उडाल्या, तर फिरण्याची दिशा आणि ठिणग्यांची दिशा यांचं नातं आरशात उलटं होतं. मग खरं जग कुठलं, हे ओळखता येतं.

कोबाल्टमधून इलेक्ट्रॉन एकाच बाजूला जास्त उडत होते.

ही बातमी कळताच कोलंबियातच रिचर्ड गार्विन, लिओन लेडरमन आणि मार्सेल वाइनरिश यांनी पायॉन तुटताना काय होतं ते काही दिवसांत तपासलं. पायॉनपासून म्यूऑन, म्यूऑनपासून इलेक्ट्रॉन. तिथेही तोच निकाल. शिकागोत व्हॅलेंटाइन टेलेग्डी आणि जेरोम फ्रीडमन यांनाही तेच मिळालं.

१५ जानेवारी १९५७ ला कोलंबियाने पत्रकार परिषद घेतली. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी होती.

आणि १७ जानेवारीला झुरिचमध्ये बसलेल्या पाउलीने आपला जुना असिस्टंट व्हिक्टर वाइसकोफला पत्र लिहिलं. निसर्ग डावखुरा असेल यावर त्याचा विश्वास नव्हता. प्रयोगात दोन्ही बाजू सारख्याच निघतील, यावर मोठी रक्कम लावायची त्याची तयारी होती.

न्यूयॉर्कमध्ये निकाल जाहीर होऊन दोन दिवस झाले होते.

२१ जानेवारीला संध्याकाळी झुरिचमध्ये पाउलीचं व्याख्यान होतं. विषय, न्यूट्रिनोचा जुना आणि नवा इतिहास. त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजता टपाल आलं. त्यात वू, लेडरमन आणि टेलेग्डी या तिन्ही गटांचे पेपर होते.

हरल्यावर माणूस कसा वागतो

आता हा माणूस काय करणार? इतक्या मोठ्या नावाने प्रयोगात खोट काढली असती, तर ऐकणारे बरेच होते.

त्याने तसं काही केलं नाही. धक्का बसल्याचं त्याने पत्रांतून मोकळेपणाने सांगितलं. पैज खरंच लागली नाही हे बरं झालं, पैसे गेले असते, सध्या लोक नुसते हसतील, अशी स्वतःचीच टिंगल केली. पॅरिटी नावाच्या जुन्या मैत्रिणीचं निधन झाल्याचा शोकसंदेश बनवून बोर यांना पाठवला. आणि सलाम यांनाही लगेच पत्र लिहून आपली बाजू बदलली.

मग त्याने खरा प्रश्न धरला. दुर्बल बल डावं-उजवं करतं, ठीक आहे. पण मग तीव्र बल का करत नाही? एखादी सममिती एका बलात पाळली जाते आणि दुसऱ्यात नाही, हे कसं?

सगळ्यात मोठा टोला पुढेच होता. एकहाती निघालेला कण न्यूट्रिनोच होता. पाउलीने २७ वर्षांपूर्वी एक अक्षय्यतेचा नियम वाचवायला कल्पलेला, तोच. वाइल यांचं बाद केलेलं समीकरण त्याला चपखल बसलं.

आणि फक्त पॅरिटी गेली नाही, सी सुद्धा गेली. धन पायॉन तुटतो तेव्हा म्यूऑनसोबत निघणारा न्यूट्रिनो डावखुरा असतो. सगळे कण बदलून प्रतिकण ठेवले तर ऋण पायॉनमधून डावखुरा प्रतिन्यूट्रिनो निघायला हवा. तसा निघत नाही. तिथे तो उजवाच असतो. म्हणजे कण-प्रतिकणांची नुसती अदलाबदल चालत नाही. आरसाही धरला, तरच गणित जुळतं.

टाऊ आणि थीटा? तो एकच कण होता. आज त्याला के-मेसॉन म्हणतात.

ली आणि यांग यांना १९५७ चंच नोबेल मिळालं. वू बाईंना मिळालं नाही, याची चर्चा आजही होते.

खोली नंबर १३७

डिसेंबर १९५८ मध्ये पाउलीच्या पोटात असह्य दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. झुरिचच्या हॉस्पिटलमध्ये त्याला मिळालेल्या खोलीचा नंबर होता १३७. फिजिक्सवाल्यांसाठी हा साधा आकडा नाही. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन एकमेकांशी किती जोराने जोडले जातात हे सांगणाऱ्या स्थिरांकात जवळपास १/१३७ येतं. तो आकडा नेमका हाच का, याने पाउलीला आयुष्यभर छळलं होतं. खोलीचा नंबर पाहून तो अस्वस्थ झाला होता, अशी आठवण त्याच्या असिस्टंटने सांगितली आहे. १५ डिसेंबर १९५८ ला तो गेला. वय ५८.

१९६४ मध्ये जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांनी दाखवलं की के-मेसॉनच्या तुटण्यात सी आणि पी एकत्र लावूनही हिशेब पूर्ण जुळत नाही. हजारात साधारण दोनदा तो चुकतो. उरली फक्त तिन्ही मिळून होणारी सीपीटी, म्हणजे पाउलीने जिची मांडणी पक्की केली ती.

ती आजवर टिकली आहे. के-मेसॉन आणि त्याचा प्रतिकण यांच्या वस्तुमानात १ वर १८ शून्यं इतक्या भागांत एका भागाचाही फरक सापडलेला नाही. तरी शास्त्रज्ञ थांबलेले नाहीत. पाउलीने जिथे न्यूट्रिनोची तार वाचून दाखवली होती त्याच सर्नमध्ये प्रतिहायड्रोजन बनवून त्याची साध्या हायड्रोजनशी तुलना चालू आहे.

ऊर्जेचा नियम पाउलीने वाचवला, तेव्हा त्या नियमामागे शेकडो मोजमापं उभी होती. पॅरिटीमागे दुर्बल बलापुरतं एकही नव्हतं. दोन्ही वेळा त्याचा आत्मविश्वास सारखाच होता. म्हणूनच आता सीपीटीवर कुणी पैज लावत बसत नाही. ती मोजतात.